आर्वोचा अंगठा

आर्वो कोंतिओ "हं" म्हणाला की बूट तयार झाला, असं आमच्या कोस्कीनिएमी गावात चाळीस वर्षं चाललं होतं. बर्फावरच्या हॉकीच्या आमच्या संघाच्या खोलीला लागून त्याची एक चिंचोळी खोली होती. खिडकी नाही. धार लावायचं एक यंत्र, खिळ्यांना टांगलेली पाती, आणि एक लाकडी स्टूल, ज्यावर आर्वोखेरीज कुणी बसायचं नाही. खेळाडू बूट आणून ठेवायचा. आर्वो बुटाच्या तळाचं पातं यंत्राला लावायचा, ठिणग्या उडायच्या, मग पात्याच्या कडांवरून तो उजव्या हाताचा अंगठा हळूच फिरवायचा. पात्याला दोन कडा असतात, आतली आणि बाहेरची. दोन्ही एका पातळीत लागतात. एक केसभर जरी खाली राहिली तरी त्या अंगाला वळताना पाय दगा देतो. बाकीच्या गावांत हे मोजायला उपकरणं होती. आमच्याकडे आर्वोचा अंगठा होता. अंगठा समाधान पावला की तो "हं" म्हणायचा, आणि मगच खेळाडू बुटाला हात लावायचा. त्याआधी उचलला तर सामना हातचा जातो अशी पोरांची समजूत होती. आर्वोने ती कधी खोडून काढली नाही. त्याला ती आवडत असे.

तो मूळचा कागद गिरणीतला. एकविसाव्या वर्षी, तळ्याकाठी उघड्यावर खेळायला बर्फ गोठवायचे त्या काळात, संध्याकाळी येऊन खेळाडूंची पाती कानशीने घासून द्यायचा. पुढे छपराखालचा बर्फ झाला, संघाला पगारी माणसं मिळाली, आणि आर्वोने गिरणी सोडली ती कायमची. प्रशिक्षक अकरा आले आणि अकरा गेले. त्यांतल्या दोघांनी आर्वोला नव्या पद्धती शिकवायचा प्रयत्न केला. ते लवकर गेले. बोलायची त्याला हौस नव्हती. सगळं बोलणं त्याची बायको माइरे करायची, आणि तिला ते पुरून उरत असे. ती त्याच इमारतीत कॉफी आणि मोहरी लावलेले सॉसेज विकायची, आणि प्रेक्षकांना आपल्या नवऱ्याचं घोरणं कुठल्या पट्टीत चालतं तेही सांगायची.

मार्च लागला, बाद फेरीचे सामने सुरू झाले, की आमच्याकडे कुणाला काही दुखत नाही. खेळाडू दाढ्या वाढवतात आणि तोंडं मिटतात. कुठे दुखतं ते कळलं की समोरचा संघ नेमका तिथेच काठी मारणार, म्हणून हा शहाणपणा. पण तो इतका मुरलाय की गाव सगळं त्यात सामील असतं. एका वसंतात गोलरक्षक तडकलेल्या बरगडीनिशी खेळत होता आणि त्याची आई शेजारणींना सांगत होती की पोराला जरा सर्दी झालीय. बोट बांधलेला माणूस दुकानात भेटला तर आपण हवेबद्दल बोलायचं. "पाय कसा आहे?" असं एप्रिल संपेपर्यंत कुणी कुणाला विचारायचं नाही. इतकं तोंड शिवून घेणारं गाव मी दुसरं पाहिलं नाही, आणि त्याचा आम्हाला काय अभिमान!

इलारी हा संघाचा कप्तान. वय छत्तीस, बचावफळीतला. नऊ वर्षं छातीवर कप्तानाची खूण मिरवत होता. मिरवत म्हणणं चूक आहे, कारण तो फारसा ओरडत नसे, टेबलावर मूठ आपटत नसे. कुणाची चूक झाली की तो त्याच्या शेजारी जाऊन बसायचा, एवढंच. हा आपला शेवटचा वसंत, असं त्याने ख्रिसमसच्या आधीच सांगून टाकलं होतं. आर्वोला तो एकोणीस वर्षांचा असल्यापासून ठाऊक. त्याच वर्षी, बाद फेरीतल्या आपल्या पहिल्या सामन्याआधी इलारीने आर्वोच्या खोलीत येऊन, एक शब्द न बोलता, त्याच्या बादलीत पोटातलं सगळं ओकलं होतं. लोक नाक धरून विचारायला लागले तेव्हा आर्वो म्हणाला होता, "जुने हातमोजे भिजत घातलेत." सतरा वर्षांत ती बादली दोघांच्या बोलण्यात कधी आली नव्हती.

इलारीच्या या शेवटच्या वसंतात हाउकी, म्हणजे आमचा संघ, उपांत्य फेरीला पोचला. तिथे सात सामन्यांची मालिका, चार जिंकेल तो अंतिम फेरीत. चौथ्या सामन्यात एक फटका अडवायला इलारी आडवा झाला आणि रबरी चकती त्याच्या डाव्या पावलावर बसली. पावलातलं एक हाड मोडलं. हे तिघांना ठाऊक होतं: डॉक्टरला, प्रशिक्षक यार्कोला आणि आर्वोला. आर्वोला, कारण सुजलेलं पाऊल बुटात मावेना. त्याने बूट तापवून आतून ताणला, जिथे दुखत होतं तिथलं अस्तर कोरून काढलं, आणि कुणी पाहू नये म्हणून दाराला कडी लावली. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, 'हाउकीचे सगळे खेळाडू ठणठणीत.' इलारी पाय बधिर करायची सुई टोचून घेऊन खेळत होता, आणि पाचव्या, सहाव्या सामन्यात असा खेळला की समोरच्यांचे पुढचे खेळाडू त्याच्या बाजूने यायचं टाळू लागले. सहाव्यात त्याने एकट्याने नऊ फटके अंगावर घेतले. मालिका तीन-तीन अशी बरोबरीत आली.

आता आर्वोचं गुपित. त्याच्या अंगठ्याला वर्षभर काही कळत नव्हतं. आधी टोक बधिर झालं, मग सगळा अंगठा. तो कुणाला न सांगता दवाखान्यात जाऊन आला. चाळीस वर्षं यंत्राची थरथर हातात गेली की शिरा थकतात, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. माइरेला त्याने सांगितलं की कोलेस्टेरॉल तपासायला गेलो होतो. संघाने दोन वर्षांपूर्वी पात्याची पातळी मोजायचं एक छोटं उपकरण आणून दिलं होतं. ते त्याच्या खणात, चघळायच्या खारट काळ्या गोळ्यांच्या डब्याखाली, वेष्टनासकट पडलं होतं. ते काढलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं. म्हणून आर्वो नजरेने धार लावत होता, सवयीने लावत होता, आणि शेवटी पोरांच्या समाधानासाठी अंगठा फिरवून "हं" म्हणत होता. वर्षभर ते निभावलं. वसंतात कुणाला काही दुखत नाही, तसं त्यालाही काही झालेलं नव्हतं.

सातवा सामना शनिवारी संध्याकाळी पाचला, आमच्याच गावात. खेळाचे तीन भाग संपले तेव्हा दोघांचे दोन-दोन गोल. आता जादा वेळ, आणि जो पहिला गोल करेल तो जिंकणार. मधल्या सुट्टीत इलारी लंगडत, पण दार लागेपर्यंत न लंगडता, आर्वोच्या खोलीत आला.

"डावं. गोलाच्या खांबाला घासलं. कडेला खोच पडलीय."

"काढ."

"पाय बाहेर काढला तर परत आत जायचा नाही, आर्वो."

"मग पाय वर कर. पातं काढतो, बूट राहू दे."

इलारी भिंतीला टेकला. आर्वोने पातं सोडवलं, यंत्राला लावलं. खोच खोल होती, बरंच घासावं लागलं. बाहेर लोक पाय आपटत होते आणि भिंतीवरची पाती किणकिणत होती. त्याने पातं दिव्याकडे धरलं. डोळ्यांत घाम उतरला होता. खण हाताशीच होता. उपकरण काढायला, वेष्टन फाडायला, मोजायला दोन मिनिटं लागली असती आणि तेवढा वेळ होताही. पण इलारी त्याच्याकडे बघत होता, सतरा वर्षं बघत आला तसाच. आर्वोने अंगठा फिरवला. अंगठ्याला काही कळलं नाही.

"हं," तो म्हणाला.

जादा वेळाच्या सातव्या मिनिटाला चकती उलट्या दिशेने आली. इलारी मागे सरकत होता, समोरून एकटा खेळाडू येत होता. इलारी डावीकडे वळला. हजारदा वळला असेल तसा. डावा पाय बाहेरच्या कडेवर गेला आणि खालून निघून गेला. तो आडवा पडला, बर्फावर घसरत कठड्यापर्यंत गेला. एकटा खेळाडू पुढे गेला आणि त्याने गोल केला. पाच हजार माणसं एकदम गप्प झाली. माइरेच्या दुकानातलं कॉफीचं यंत्र तेवढं गुरगुरत होतं.

रिवाजाप्रमाणे दोन्ही संघांनी रांग लावून हात मिळवले. इलारी सगळ्यांच्या पुढे होता. मग तो पत्रकारांसमोर उभा राहिला. "काय झालं?" त्यांनी विचारलं.

"पडलो," इलारी म्हणाला. "बर्फ निसरडा असतो. पोरांनी कुठे कमी केलं नाही. हरलो ते माझ्यामुळे."

पाय दुखावलाय का, असं एकाने विचारलं. "सगळे ठणठणीत आहोत," इलारी म्हणाला.

आर्वोने ते दारातून ऐकलं. बुटांची जोडी आली तेव्हा त्याने खोलीची कडी लावली, खण उघडला, गोळ्यांचा डबा बाजूला केला आणि दातांनी वेष्टन फाडलं. डाव्या पात्याची बाहेरची कड खाली होती. केसभर नव्हे, चांगली दोन केस. शिकाऊ पोरालाही चालली नसती इतकी. तो स्टुलावर बसला. चाळीस वर्षांत त्याने बरंच काही बिघडवलं असेल, पण असं कधी नाही, आणि असं दुसऱ्याच्या माथी कधीच नाही. त्याला लाज वाटली. इतकी, की बायकोबरोबर घरी न जाता तो मागच्या दाराने गेला.

रविवारी सकाळी माइरे ओट्याशी उभी होती आणि आर्वो कॉफी ओतत होता.

"बाजारात तो गिरणीतला उस्को काय म्हणाला ऐकलंस? इलारी म्हातारा झाला म्हणे. कप्तानाने ख्रिसमसलाच घरी बसायला हवं होतं म्हणे. सतरा वर्षं ज्याच्या नावाने टोप्या उडवल्या त्याला एका संध्याकाळीत... आर्वो!"

"काय?"

"अंगठा! अंगठा किटलीला टेकलाय तुझा!"

त्याने पाहिलं. उजवा अंगठा तापलेल्या किटलीला चिकटला होता आणि तो शांतपणे ओतत होता. माइरेने हात ओढून नळाखाली धरला. थंड पाणी वाहत राहिलं. ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. तिला कळायला वेळ लागत नाही, कधीच लागला नव्हता.

"कधीपासून?"

"मागच्या वसंतापासून."

"कोलेस्टेरॉल म्हणे!" ती म्हणाली. "आणि मी बावळट वर्षभर बिनलोण्याचा पाव खातेय तुझ्यासोबत." मग तिचा हात थांबला. "शनिवारी? ते डावं पातं?"

आर्वोने होकारार्थी मान हलवली.

माइरेने नळ बंद केला. अंगठ्यावर फोड येत होता. तिने त्यावर हळूच फडकं गुंडाळलं. एरवी तिने अर्धा तास तोंडसुख घेतलं असतं. त्या दिवशी ती एवढंच म्हणाली, "त्याला माहीत आहे?"

"माहीत नाही."

"मग जा आणि विचार. आणि टोपी घाल, बाहेर वारा आहे."

इलारी रिकाम्या बर्फाशेजारी बाकावर बसला होता. पाऊल समोरच्या कठड्यावर टेकवलेलं. सोमवारी कांस्यपदकाची लढत होती, उपांत्य फेरीत हरलेल्या दोघांची, एकच सामना. त्याच्या आयुष्यातला शेवटचा. आर्वो शेजारी जाऊन उभा राहिला, तेव्हा इलारीने जागा करून दिली.

"डावं पातं वाकडं होतं," आर्वो म्हणाला. "बाहेरची कड."

"हो."

"तुला ठाऊक होतं?"

"बर्फावर पहिलं पाऊल टाकलं तेव्हाच कळलं."

"मग परत का नाही आलास? माणसा, एक हाक मारायची!"

इलारीने दाढी खाजवली. "आलो असतो तर सगळ्यांदेखत पातं उतरवावं लागलं असतं. सगळी पोरं तुझ्या हातची पाती घालून बसली होती, तीही खाली बघायला लागली असती. म्हटलं, उजवीकडे वळू, भागवू. आणि भागवत होतो की! सात मिनिटं भागवलं." तो जरा हसला. "मग डावीकडे वळावंच लागलं."

"मी आज पेपरवाल्यांना सांगतो."

"नाही सांगायचं."

"लोक तुला काय काय बोलतायत. उस्को तर..."

"उस्को मी तीन गोल केले तेव्हाही मला शिव्याच देत होता. आर्वो, ऐक. खोलीतलं खोलीत राहतं. उद्या आपल्याला एक सामना खेळायचाय, आणि पोरांना आपल्या बुटांवर विश्वास ठेवून खेळायचंय. उद्या संपेपर्यंत तू गप्प राहायचं. हा कप्तानाचा हुकूम आहे. बहुतेक शेवटचाच." मग बर्फाकडे बघत म्हणाला, "आणि ती बादली मी विसरलेलो नाही."

आर्वोने टोपी कानांवर ओढली. "उद्या संपेपर्यंत," तो म्हणाला. "त्यापुढे नाही."

सोमवारी त्याने उपकरण टेबलावर, सगळ्यांना दिसेल असं ठेवलं. एकेक पातं मोजून बघितलं. इलारीचं डावं पातं त्याने बदललं, नवं चढवलं, आणि जुनं फडक्यात गुंडाळून कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं. खेळाडू आपापले बूट न्यायला आले, त्या उपकरणाकडे आणि अंगठ्यावरच्या फडक्याकडे पाहिलं, आणि वसंत असल्यामुळे कुणी काही विचारलं नाही. "हं" म्हणताना आर्वोला ओशाळल्यासारखं झालं, पण पोरं त्याशिवाय हलेनात.

कांस्यपदकाच्या सामन्याला निम्मी माणसं येतात. त्या दिवशी तेवढीही नव्हती. काही जण मुद्दाम आले होते, इलारी बर्फावर आला की टाळ्या न देता दोन्ही हात खिशात ठेवायला. यार्को त्याला मोजकंच खेळवत होता. शेवटची दीड मिनिटं राहिली, हाउकी तीन-दोन पुढे, आणि समोरच्यांनी गोलरक्षक काढून एक जादा खेळाडू उतरवला. यार्कोने बाकाकडे पाहिलं. तो काही बोलायच्या आत इलारी कठड्यावरून पलीकडे गेला होता.

त्या दीड मिनिटांत तो एकदाही बदलीला आला नाही. पहिला फटका त्याने पोटरीवर घेतला, दुसरा छातीवर. तिसऱ्याला तो पुन्हा त्याच डाव्या पावलाने आडवा गेला, आणि आर्वोने खोल्यांकडे जाणाऱ्या बोगद्यातून तो आवाज ऐकला. लाकूड फुटावं तसा. इलारी गुडघ्यावर आला, उठला, डावीकडे वळला. बाहेरच्या कडेवर. पातं धरून राहिलं. त्याने चकती कठड्यावरून उचलून दूर भिरकावली आणि भोंगा वाजला. खिशात हात घातलेल्यांपैकी काहींना हात बाहेर काढावे लागले.

कांस्यपदक गळ्यात पडल्यावर बोगद्यात बातमीदारांनी इलारीला घेरलं. पेपरातली कायसा म्हणून मुलगी होती, ती म्हणाली, "आज भारी खेळलास. पण शनिवारचं पडणं मनातून जाईल?"

"पडलो ते पडलो," इलारी म्हणाला.

आर्वो ओल्या कपड्यांची गाडी ढकलत येत होता. तो थांबला. चाळीस वर्षांत तो पेपरवाल्यांशी एक शब्द बोलला नव्हता. "सामना संपला," तो इलारीला म्हणाला. मग कायसाकडे वळला. "त्या पात्याला धार मी लावली होती. वाकडी लागली होती. हा पडला ते माझ्यामुळे."

कायसा त्याच्याकडे बघत राहिली आणि तिचे डोळे भरून आले. "आर्वो," ती म्हणाली, "तू किती चांगला आहेस रे."

"चांगला कसला? मी खरं सांगतोय!"

"आपल्या कप्तानासाठी आर्वोने स्वतःवर घेतलं," ती पुटपुटत लिहू लागली. बाकीचे टाळ्या वाजवू लागले. इलारीने कपाळाला हात लावला. आर्वो गाडी तिथेच टाकून यार्कोच्या खोलीत गेला, त्याला सगळं सांगितलं, अंगठा दाखवला आणि आपल्या खोलीची किल्ली टेबलावर ठेवली. यार्कोने किल्ली उचललीही नाही आणि परतही दिली नाही. "इलारीला माहीत होतं?" एवढंच त्याने विचारलं.

मंगळवारच्या पेपरात आर्वोचा फोटो पहिल्या पानावर होता. 'हाउकीचं काळीज.' माइरेने खालचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवला.

"आता तर झालंच," आर्वो म्हणाला. "त्याच्यावरचं काढायला गेलो आणि माझ्याच गळ्यात हार पडला."

"पातं कुठाय?" माइरेने विचारलं.

"खिशात."

"मग इथे काय बसलास? पेपरवाल्या पोरीला पात्यातलं काय कळतं! ज्याला कळतं त्याला दाखव."

चौकातल्या कॉफीच्या तंबूत उस्को आपल्या जागी बसला होता. उस्कोने तीस वर्षं गिरणीच्या कारखान्यात लेथ चालवला. लोखंडाचं त्याला सगळं कळतं आणि माणसांचं काही कळत नाही, असं त्याची बायको म्हणायची. टेबलाभोवती आणखी चार म्हातारे होते. त्या दिवशी दुपारी चौकात संघाचं स्वागत होतं, म्हणून लोक हळूहळू जमत होते.

"या काळीज!" उस्को ओरडला. "बसा! मित्रासाठी खोटं बोलावं ते असं! पण एक सांगतो, म्हातारा कप्तान पडायचा तो पडणारच. तू कितीही..."

आर्वोने फडकं सोडून पातं त्याच्यासमोर ठेवलं. "शनिवारचं आहे. डावं. बघ."

"काय बघू?"

"तुला बघता येतं ते बघ." त्याने उपकरणही पुढे सरकवलं.

"ते तुझं खेळणं ठेव," उस्को म्हणाला. त्याने चष्मा कपाळावर चढवला, पातं प्रकाशाकडे धरलं, एक डोळा मिटला. तोंडातला वेलदोड्याचा पाव चावायचा थांबला. मग त्याने खिशातून दोन युरोचं नाणं काढलं, पात्यावर आडवं ठेवलं आणि पातं डोळ्यांसमोर आणलं. नाणं एका अंगाला कललेलं होतं. त्याने ते उचलून पुसलं, पुन्हा ठेवलं. पुन्हा कललं. टेबलावरचे चौघे वाकून बघत होते.

"यावर कुणी उभं तरी कसं राहिलं?" उस्को हळूच म्हणाला.

"सात मिनिटं राहिला," आर्वो म्हणाला. "पहिल्याच पावलाला त्याला कळलं होतं. आणि त्या डाव्या पावलातलं हाड चौथ्या सामन्यापासून मोडलेलं आहे. बूट मीच ताणला."

उस्कोने पातं खाली ठेवलं. नाणं खिशात घालायचं तो विसरला. "आणि तू?" त्याने विचारलं. "तुझ्या हाताला काय झालं? तू असं पातं कधी दिलं नाहीस."

आर्वोने उजवा हात टेबलावर ठेवला आणि अंगठ्याचं फडकं सोडलं. फोड फुटला होता. "याला काही कळत नाही," तो म्हणाला. "वर्ष झालं. सांगितलं नाही."

तेवढ्यात चौकात गलका झाला. संघाची बस आली होती. पोरं दाढ्या तशाच ठेवून उतरली. लोकांनी टाळ्या दिल्या. मग इलारी उतरला, आणि टाळ्या विरळ झाल्या. त्याचा पाय मोकळ्या, लेस सोडलेल्या जोड्यात होता, आणि तो न लंगडता चालत होता, जसा चौथ्या सामन्यापासून चालत आला होता. कुणीतरी मागून म्हणालं, "सांभाळून रे, निसरडं आहे!" आणि काही जण हसले.

उस्को उठला. तो जाडजूड माणूस, उठायला वेळ लागतो. पातं हातात धरून गर्दीतून सरळ इलारीसमोर जाऊन उभा राहिला. हसणारे गप्प झाले. आता हा काय बोलणार म्हणून सगळे बघत होते, आर्वोही. उस्कोने डोक्यावरची टोपी काढली. बोलायला तोंड उघडलं, थांबला, पातं या हातातून त्या हातात घेतलं.

"पाय कसा आहे?" त्याने विचारलं.

चौकात कुणी हललं नाही. एप्रिल अजून संपायचा होता. इलारीने उस्कोकडे पाहिलं, त्याच्या हातातल्या पात्याकडे पाहिलं, मग डोक्यांवरून पलीकडे, तंबूच्या दारात उघडा अंगठा घेऊन उभ्या असलेल्या आर्वोकडे. 

"दुखतोय," तो म्हणाला. आणि मग, जरा मोठ्याने, "खूप दुखतोय."

उस्कोने त्याच्या काखेत खांदा घातला. आर्वो तंबूतून खुर्ची घेऊन धावत आला.